ढगाळ रविवारची चाळीस मिनिटं

रविवारी आणि बुधवारी सकाळी बाबांच्या मनगटावरचं घड्याळ माझ्या हातात यायचं. बोटांना औषध चोपडलेलं असल्यामुळे त्यांना पट्टा सोडता यायचा नाही. ते मनगट पुढे करायचे, मी बक्कल काढायचे, आणि पुढची काही मिनिटं त्या घराची मालकीण मी असायचे. माझं वय चौदा. आई म्हणायची, पोरीच्या हाती घड्याळ दिलं की ती लगेच कलेक्टरीण होते. खोटं कशाला बोलू, व्हायचेच मी. अंगणात चटईवर बाबा बसलेले, दोन्ही हात समोरच्या पाटावर पालथे ठेवलेले, आणि मी उकिडवी बसून सेकंदकाट्याला डोळे लावलेले. मी "झालं" म्हणेपर्यंत हात उन्हातून काढायचे नाहीत, आणि म्हटल्यावर एक क्षणही ठेवायचे नाहीत, असा आमचा नियम होता. ही गोष्ट त्या एका शब्दाची आहे. आजवर ती मी एकाच माणसाला सांगितली, तीही फार उशिरा.

आम्ही तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात नेरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पुढे पडवी, मागे अंगण, अंगणात धुण्याचा दगड. बाबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला कापूस हातात घ्यायचा, चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायची, धागा काळ्या कापडावर ठेवून त्याची लांबी पाहायची, रंग पाहायचा, किडलेली पिवळट कवडी किती ते पाहायचं, आणि प्रत सांगायची. दिवसभर हेच. संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवरही रुई असायची आणि आई दारातच फडक्यानं ती झटकायची. थंडीत आमच्याकडे रोज तुरीच्या ओल्या शेंगा सोलण्याचा कार्यक्रम. सोल्याची भाजी, ज्वारीची भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. शेंगांची टरफलं कटाकट मोडण्याचा आवाज मला आजही ऐकू येतो, आणि तो आला की पोटात भूक आणि भीती दोन्ही एकदम उठतात.

बाबांना उजेडातलं कळत असे, निदान त्यांची तशी समजूत होती. केंद्रावर त्यांनी स्वतःचं टेबल टिनाच्या शेडखाली उत्तरेकडे तोंड करून मांडून घेतलं होतं. "उन्हात सगळाच कापूस पांढरा दिसते, कुंदे," ते मला सांगायचे, "प्रत पाह्याची तं सावलीत." कुठला उजेड खरा आणि कुठला फसवा, हे माझे डोळे मला सांगतात, असा त्यांना रास्त अभिमान होता. त्या वर्षांत त्या अभिमानाला मोलही होतं. भाव पार कोसळलेले, अळीनं बोंडं पोखरलेली, आणि केंद्राबाहेर गाड्यांची रांग अमरावतीच्या रस्त्यापर्यंत. लोक दोन-दोन दिवस रांगेत काढत आणि मग टेबलापुढे उभे राहत. समोरचा माणूस आपल्या कापसाला कोणती प्रत देतो यावर त्यांचं वर्ष ठरायचं. ग्रेडरच्या तोंडाकडे नाही, हातांकडे पाहायचे सगळे.

आणि त्याच हातांवर डाग आले. आधी उजव्या हाताच्या दोन बोटांच्या पेरांवर, मग डाव्या. गव्हाएवढे, मग चिंचोक्याएवढे. आई त्याला कधीच कोड म्हणाली नाही. "डाग" म्हणायची, जसा साडीला पडतो. पण बाजारातली माणसं आईइतकी जपून बोलत नाहीत. एका दुपारी एक तरणा शेतकरी टेबलापुढे येऊन भडकला आणि म्हणाला, माह्या कापसाले हात लावू नका, दुसऱ्या साहेबाले बोलवा. रांगेतले चार जण हसले. केंद्रप्रमुखानं बाबांना आत बोलावून गोडीगुलाबीनं सांगितलं की संक्रांतीपर्यंत हात नीट झाले तर ठीक, नाहीतर गोदामाच्या किल्ल्या सांभाळा, टेबलावर दुसरा माणूस बसवू. हे सगळं बाबांनी जेवताना आईला सांगितलं, आणि भाकरीचा तुकडा ताटात ठेवून ते हात धुवायला उठले. मला टेबलाचं महत्त्व तेव्हा कळलं. बाबांना गोदामात कोंडणं म्हणजे त्यांचे डोळे काढून घेणंच होतं.

आईनं पहिला इलाज शोधला तो शेजारच्या काकूंकडून. काकूंच्या कंबरेसाठी त्यांच्या मुलानं वाकत्या मानेचा, लाल बल्बचा एक शेकायचा दिवा आणून दिला होता. आईचा हिशेब सरळ होता: उन्हानं माणूस काळा पडतो, ऊन म्हणजे गरम उजेड, आणि हा दिवा तर उन्हाहून गरम. आठवडाभर संध्याकाळी बाबा त्या दिव्याखाली हात धरून बसले. खोली लालेलाल व्हायची. हात तापून गुलाबी झाले की आई हरखून म्हणायची, "पाहा, रंग येऊन राह्यला." सकाळी डाग होते तसेच पांढरे. फक्त मनगटाच्या आतल्या बाजूला, दिवा जास्त जवळ यायचा तिथे, जाळीसारखी तांबूस नक्षी उमटली. आईनं तीही जमेस धरली.

मग बाबांनी यवतमाळला डॉक्टर गाठले, मी बरोबर होते. त्वचेचे डॉक्टर, वयस्क, बोलणं कमी. मनगटावरची जाळी पाहून ते पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, हा शेक आहे, औषध नाही. दिवा परत करा. मग त्यांनी खोलीचे पडदे ओढले आणि जांभळ्या नळीचा एक छोटा दिवा बाबांच्या हातांवर धरला. अंधारात ते डाग निळसर पांढरे पेटले, आणि आम्हाला माहीत होते त्याहून कितीतरी जास्त. मनगटापर्यंत. एक ओठाच्या कोपऱ्याशी. साध्या उजेडात तिथे काहीच दिसत नव्हतं. त्याच वेळी माझा शाळेचा पांढरा शर्टही लखलखला, आणि बाबा आपला हात विसरून विचारते झाले, डॉक्टर, याखाली रुई धरली तर कशी दिसेल? मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता वाटतं, घाबरलेल्या माणसानं आपल्या ओळखीच्या गोष्टीला धरावं, तसं ते होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मी शब्दशः लक्षात ठेवलं. उजेडाचे दोन भाग डोळ्यांना दिसत नाहीत. एक लालच्या अलीकडचा. तो ऊब देतो, जास्त झाला की चटका बसतो आणि हात आपोआप मागे येतो. दुसरा जांभळ्याच्या पलीकडचा. त्याची ऊब लागत नाही, म्हणून हात मागे येत नाही. कातडीला रंग आणतो तो हाच, आणि भाजतोही हाच. "भाजतो आज, कळतं परवा," असं ते म्हणाले. बावचीच्या बियांतल्या अर्कासारखं औषध त्यांनी लिहून दिलं. ते लावलं की कातडी या दुसऱ्या उजेडाला फार हळवी होते, म्हणून अर्ध्या तासानं एकच मिनिट उन्हात बसायचं, दर वेळी अर्धं मिनिट वाढवायचं, मग साबणानं हात धुऊन दिवसभर झाकून ठेवायचे. बाबा समोरच्या दुकानात औषध आणायला गेले. मी खुर्चीत एकटी होते. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "वेळ तू मोजणार ना? मग एक ऐक. आभाळ आलं तरी वेळ वाढवायचा नाही. ढग ऊब अडवतात, हा उजेड बराचसा खाली येतोच. तुझे बाबा डोळ्यांवर विसंबणारे दिसतात. तू लक्ष ठेव." मी मान डोलावली. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

आणि खरंच, गुण येऊ लागला. चौथ्या की पाचव्या वेळेनंतर डाव्या हाताच्या डागाच्या कडेला तिळाएवढे तपकिरी ठिपके उगवले. आईनं ते देवापुढच्या समईच्या उजेडात तीनदा पाहिले. तिनं जुन्या धोतराचे हातमोजे शिवले होते. केंद्रावर जाताना बाबा ते घालत, टेबलावर बसले की काढत. आम्ही साडेचार मिनिटांपर्यंत आलो होतो. बाबा स्वतःशीच हिशेब करत, संक्रांतीला किती दिवस उरले, तोवर किती बसणी होतील. हिशेब जमत नव्हता, हे मलाही दिसत होतं. ठिपके तिळाएवढेच होते आणि डाग चिंचोक्याएवढे.

इथं मला वैशालीबद्दल सांगावंच लागेल. ती माझ्या बाकावर बसायची आणि पाचवीपासून आम्ही एकाच डब्यात जेवायचो, म्हणजे तिची पोळी मी खायची, माझी भाकरी ती. त्या आठवड्यात एका दुपारी तिनं आपला डबा हळूच बाकाच्या टोकाला सरकवला आणि खाली मान घालून म्हणाली की तुमच्या घरचं खायचं नाही असं आईनं सांगितलंय. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, हे मी कबूल करते. पण मला चीड आली ती तिची नाही, तिच्या आईचीही नाही. बाबांची आली. त्यांच्या हातांची. संक्रांतीच्या आधी शाळेचं संमेलन होतं, मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळणार होतं, आणि बाबा ते पाहायला येणार म्हणून आईनं त्यांचा सदरा आधीच इस्त्री करून ठेवला होता. त्या हातांनी ते टाळ्या वाजवणार. मी मनात म्हटलं, एक तर हात बरे होऊ देत, नाहीतर बाबा येऊ नयेत. लिहितानाही लाज वाटते, पण असंच म्हटलं होतं मी.

त्या रविवारी आभाळ आलं होतं. पाऊस नव्हता. पातळ, दुधट ढग सगळीकडे सारखा पसरलेला, गार वारा. गावात सगळ्यांच्या तोंडी एकच काळजी होती, रांगेतला कापूस भिजला तर काय. बाबांनी औषध लावलं, अर्धा तास थांबले, मनगट पुढे केलं, मी घड्याळ काढलं. ते अंगणात बसले आणि त्यांनी हात पाटावर ठेवून सवयीनं सावली पाहिली. सावली पडतच नव्हती.

"आज ऊन कुठं हाय, कुंदे?" ते म्हणाले. "साडेचार मिनिटांत काय होते? आज चाळीस मिनिटं बसतो."

मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं. आठवलं नाही असं आजवर मी स्वतःलाही पटवून पाहिलं आहे, पण ते खोटं आहे. मी विसरले नव्हते. तोंड उघडलंही होतं. आणि मग मला वैशालीचा सरकलेला डबा दिसला. वाटलं, हा उजेड खाली येतोच म्हणे, मग येऊ दे ना. चाळीस मिनिटांत दहा वेळांचं काम होईल, संक्रांतीपर्यंत हात साफ होतील. भाजलंच तर किती भाजेल, ऊन तर नाहीच आहे. मी तोंड मिटलं आणि घड्याळाकडे पाहू लागले.

पाचवं मिनिट गेलं. दहावं गेलं. बाबा मला भूगोलाचे प्रश्न विचारत होते, वर्धा नदी कुठून निघते, पैनगंगा कुठं मिळते. मी बरोबर उत्तरं दिली. वीस मिनिटांनी ढग थोडा उजळला, तेव्हा त्यांनी हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, काहीच लागून नाही राह्यलं. आत आई शेंगा सोलत होती. तिनं विचारलं, अजून झालं नाही का वं? बाबाच म्हणाले, ढग हाय, बसू दे. दर मिनिटाला मी ठरवत होते की पुढच्या मिनिटाला सांगायचं. सांगितलं असतं तर पहिल्या दहा मिनिटांत का नाही सांगितलं, हे विचारलं असतं. आणि जितका उशीर होत गेला तितकं सांगणं अवघड होत गेलं. चाळीस मिनिटं पूर्ण झाली. सेकंदकाटा बारावर आला, तेव्हाच मी "झालं" म्हणाले. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

सोमवारी सकाळी मी उठल्याबरोबर त्यांचे हात पाहिले. काहीच नव्हतं. नेहमीसारखे हात, नेहमीसारखे डाग. मला इतकं हलकं वाटलं की शाळेत जाताना मी गाणं म्हणत गेले. पण "कळतं परवा" हे दोन शब्द दुपारपासून डोक्यात घण घालू लागले. संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा बोटं गुलाबी होती. आईचा चेहरा फुलला. म्हणाली, रंग चढून राह्यला, बाई, एकदाचा. बाबाही खूश. त्यांनी मला जवळ बोलावलं, पाहा म्हणाले, तुह्या मोजण्याला यश आलं. पोट दुखतं सांगून मी ताटावरून उठले.

मंगळवारी सकाळी मोरीतून तांब्या पडल्याचा आवाज आला. मी धावत गेले. बाबा दोन्ही हात समोर धरून उभे होते आणि त्या हातांवर फोड आले होते, हरभऱ्याएवढे, काही बोरांएवढे, पाण्यानं भरलेले. बोटं सुजून मिटत नव्हती. बाबा मला म्हणाले, पहिली एसटी गाठू. आईला ते हात पाहवेनात, ती घरीच थांबली.

डॉक्टरांनी हात पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. किती वेळ बसलात, असं विचारलं. चाळीस मिनिटं, बाबा म्हणाले, ढग होते. डॉक्टर सावकाश माझ्याकडे वळले.

"बाळ, मी तुला सांगितलं होतं ना? ढग असले तरी वेळ वाढवायचा नाही म्हणून?"

आता बाबांना कळणार होतं, इथेच, या क्षणाला. आणि बाबा बोलले, अगदी साध्या आवाजात, माझ्याकडे न बघता.

"तिनं सांगितलं होतं, डॉक्टर. दोनदा सांगितलं. मीच ऐकलं नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते कामाला लागले. मलम, जाळी, कापूस, पट्ट्या. दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत बांधले, नुसती पांढरी बोचकी. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. नेरच्या अलीकडे बाबा एवढंच म्हणाले, घड्याळ तुह्यापाशीच ठेव, आता माह्या हातावर बसत नाही ते. मला वाटत होतं त्यांनी मला बडवावं. त्यांनी बडवलं असतं तर माझी सुटका झाली असती.

बुधवारी बाबा केंद्रावर गेले. न जाऊन चालणार नव्हतं. टेबल एकदा रिकामं दिसलं की दुसरा बसणार होता. आईनं मला शाळेत जाऊ दिलं नाही आणि दुपारी डबा घेऊन पाठवलं, कारण त्यांना हातानं जेवता येत नव्हतं. मी पोचले तेव्हा टेबलाभोवती गर्दी होती, पण गोंगाट नव्हता. नंतर कळलं ते असं. केंद्रप्रमुखानं सकाळीच सांगितलं होतं, घरी जा, बांधलेल्या हातांनी धागा कसा ओढणार. बाबा म्हणाले, डोळे शाबूत हायेत. रांगेत पहिली गाडी बंजारा तांड्यावरच्या सोमलीबाईची होती. हातात चांदीचं कडं, कपाळावर गोंदण, आवाज खणखणीत. तीच पुढे आली. कापूस माहा हाय, ती म्हणाली, ओढूनबी म्याच दाखवतो, साहेबानं फक्त पाहावं. तिनं चिमूट ओढली, धागा काळ्या कापडावर ठेवला, बाबांनी वाकून पाहिला आणि प्रत सांगितली. मग हीच रीत पडली. ज्याचा कापूस त्यानं ओढायचा, ज्याचं त्यानं कापडावर मांडायचं, आणि बाबांनी पाहायचं. आजवर ज्या धाग्यावरून भांडणं व्हायची तो धागा लोक पहिल्यांदाच स्वतःच्या बोटांनी ओढून स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होते. माझ्यासमोरच तो भडकलेला तरणा शेतकरी आला. त्यानं ओढलं, मांडलं, आणि बराच वेळ कापडाकडे पाहिलं. बाबांनी विचारलं, तूच सांग किती हाय. तो हळू म्हणाला, आखूड हाय, साहेब. आणि बाजूला झाला. त्याची प्रत त्यामुळे वाढली नाही, भाव तर नाहीच. पण तो भांडला नाही.

जेवणासाठी बाबा आत खोलीत येतील असं मी धरून चालले होते. ते उठले नाहीत. टेबल सोडायचं नाही, इथंच दे, म्हणाले. मी डबा उघडला. समोर गाड्यांची अख्खी रांग, शंभर डोळे, सगळे आमच्याकडे. ज्यांच्या हातांची मला शाळेत लाज वाटली होती, त्यांना मी भर बाजारात माझ्या हातानं भरवायचं होतं. भाकरीचा तुकडा मोडला, सोल्याच्या भाजीत बुडवला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. घाईघाईत रस्सा त्यांच्या सदऱ्यावर सांडला, तोच इस्त्रीचा संमेलनाचा सदरा, बाह्या सैल म्हणून पट्ट्यांवरून घातलेला. बाबांनी घास खाल्ला. म्हणाले, ठेचा कमी लाव. दुसरा घास. तिसऱ्या घासाला मला रडू फुटलं आणि मी थांबले नाही, रडत रडतच भरवत राहिले. अजून तिथंच थांबलेल्या सोमलीबाईनं आपल्या लोट्यातलं पाणी बाबांच्या तोंडात वरून धरलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"नको रडू, याडी," ती म्हणाली, म्हणजे तिच्या बोलीत आई. "पोरगी हाय म्हणून बापाच्या पोटात अन्न गेलं."

त्या दुपारी मला कुणी चाबकानं मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

पट्ट्या तीन आठवड्यांनी सुटल्या. फोड होते तिथली कातडी गळून खालून नवी आली, ती पांढरी. तिळाएवढे ठिपके तर गेलेच, पण जिथं आधी डाग नव्हता तिथंही पांढरं पसरलं, आणि वर्षभरात दोन्ही हात मनगटापर्यंत एकरंगी झाले. डॉक्टर म्हणाले, ही कातडी जिथं दुखावते तिथं असं होऊ शकतं. औषध पुन्हा सुरू करायचं बाबांनीच नाकारलं. संमेलनाला ते आले नाहीत, पट्ट्या होत्या. मी बक्षीस घ्यायला उठलेच नाही. टेबल मात्र राहिलं. संक्रांत आली आणि गेली, केंद्रप्रमुख काही बोलला नाही, कारण त्या टेबलावरच्या रांगेत भांडणं कमी झाली होती आणि त्याला तेवढंच हवं होतं. बाबांनी पुढेही रीत तीच ठेवली, ज्याचा धागा त्यानं ओढायचा. काही हंगामांनंतर ते केंद्रच बंद पडलं, तो भाग वेगळा.

बोलायला मला कितीतरी वर्षं लागली. आई गेली, मी नोकरीनिमित्त यवतमाळला घर केलं, बाबा माझ्याकडे राहायला आले. उन्हात ते कायम लांब बाह्यांचा सदरा घालत, कारण ते हात पाच मिनिटांत लाल होत. एका हिवाळ्यात, सकाळी, मी गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते आणि ते शेजारी खुर्चीत. टरफलं कटाकट मोडत होती. काय झालं कोण जाणे, मी शेंग खाली ठेवली आणि सांगून टाकलं. मला माहीत होतं, म्हटलं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं. वैशालीचंही सांगितलं, संमेलनाचंही, काही राखलं नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग समोरच्या पाटीतली एक शेंग उचलून, त्या पांढऱ्या बोटांनी ती सोलायचा प्रयत्न करत म्हणाले,

"मलेबी सांगितलं होतं त्यानं. दुकानातून औषध घेऊन आलो ना, तवा दारातच."

"मग काहून बसले तुम्ही?"

"संक्रांत जवळ आलती, कुंदे. तुले घाई होती, तशी मलेबी होती."

हे खरं होतं का, मला सांगता येत नाही. दवाखान्यात माझ्यासाठी ते एक खोटं बोलले होते, तेव्हा दुसरंही बोलू शकतात. डॉक्टर तर कधीच गेले. मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, त्यांनी मान वर केली नाही, शेंगच सोलत राहिले. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, तेच, पट्टा चारदा बदललेलं. बाबांनी ते पाहिलं. बाह्या वर सारल्या, दोन्ही हात कठड्यावर उन्हात पालथे ठेवले, आणि म्हणाले, थंडी हाय, जरा शेकू दे, तू वेळ पाह्य.

मी काट्याकडे पाहत राहिले. एक मिनिट झालं तेव्हा मी "झालं" म्हणाले, आणि बाबांनी हात लगेच उचलले.